डॉक्टर कोटणीस आणि चीनला गेलेले वैद्यकपथक

श्रोतेहो, परक्या देशाला मदत करायची म्हणजे काय करायचे? धान्य धाडावे, औषधे धाडावीत, पैसे द्यावेत, असेच आपल्या मनात येते. सोलापूरच्या एका तरुण डॉक्टराने याहून टिकाऊ मदत कशी केली, ते आज पाहू.

१९३७ साली जपानने चीनवर मोठी स्वारी केली. जखमी सैनिक असंख्य आणि शस्त्रक्रिया जाणणारे डॉक्टर फार थोडे, अशी तिकडची अवस्था झाली. सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषबाबू. त्यांच्या हाकेला ओ देऊन लोकांनी २२,००० रुपये जमवले. आपला देश स्वतःच पारतंत्र्यात; पण शेजारी आग लागली असता आपलं छप्पर गळतंय म्हणून कोणी स्वस्थ बसलं नाही! १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. अटल हे प्रमुख; त्यांच्यासोबत नागपूरचे चोळकर, बंगालचे बसू व मुखर्जी आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. बरोबर औषधे, हत्यारे आणि जखमींसाठी एक मोटारगाडी होती.

वडील वारल्याची बातमी कोटणिसांना चीनमध्येच कळली. परत फिरायची मुभा असूनही ते पुढे गेले. १९३९ च्या आरंभी पथक येनानला पोहोचले, आणि पुढे कोटणीस उत्तरेकडच्या डोंगराळ आघाडीवर गेले. तिथे मोटारीचा काय उपयोग? औषधांची पेटीही एकदा सरली की सरलीच. कॅनडाचे शल्यवैद्य नॉर्मन बेथ्यून यांनी याच मुलखात खेचराच्या पाठीवर शस्त्रक्रियेचे सामान लादून आणि स्थानिक माणसे शिकवून काम उभे केले होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळून नोव्हेंबर १९३९ मध्ये ते वारले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये कोटणिसांकडे आली.

एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या. हे मोठेच, पण शिक्षक बंधुभगिनींनी ध्यानात घ्यावे असे काम निराळेच आहे. कोटणीस चिनी भाषा शिकले, अन् तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेतून शस्त्रक्रिया शिकवू लागले. शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तक लिहायलाही त्यांनी घेतले. परिचर्या शिकवणाऱ्या क्वो चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी, अवघ्या ३२ व्या वर्षी ते गेले. मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता, पुस्तक अपुरे होते. पण शिकवलेले विद्यार्थी मागे होते. एक डॉक्टर गेला, तरी जखमी बांधणारे हात थांबले नाहीत.

श्रोतेहो, दिलेली वस्तू वापरून संपते. शिकवलेली विद्या मात्र एका हातातून दुसऱ्या हाती जाते. आपण गावात कुणाला काही द्यायला निघालो, तर एवढं जरूर विचारावं: आपण परतल्यावर मागे काय उरेल?