सोल संगीत आणि ब्रिटिश श्रोते

एका देशांत जन्मलेल्या गाण्यास दुसऱ्या देशांत चाहते लाभावेत, ही गोष्ट संगीताच्या इतिहासांत नवी नाहीं. परंतु अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या ‘सोल’ संगीतास ब्रिटनमध्यें जें प्रेम लाभलें, त्याचें कारण केवळ नावीन्याच्या हौसेंत शोधूं गेल्यास आपली फसगत होईल, असें आम्हांस वाटतें.

चर्चमधील भजनाची आर्तता आणि ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’चा ठेका यांच्या संगमांतून हें संगीत निर्माण झालें. डेट्रॉइटच्या मोटार-कारखान्यांत राबलेल्या बेरी गॉर्डी यांनीं १९५९ सालीं घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन ध्वनिमुद्रिकांचा धंदा मांडला; तोच पुढें ‘मोटाउन’ या नांवानें गाजला. १९६३ सालीं बीटल्स मंडळींनीं त्याचीं तीन गाणीं आपल्या दुसऱ्या संग्रहांत घेतलीं. १९६४ पासून, समुद्रांत नांगरलेल्या जहाजांवरून विनापरवाना चालणारीं नभोवाणी केंद्रें तसलीं गाणीं घरोघर पोंचवूं लागलीं. तथापि १९६५ च्या वसंतांत मोटाउनचे कलावंत स्वतः ब्रिटनच्या दौऱ्यावर आले, तेव्हां अनेक ठिकाणीं खुर्च्या रिकाम्या राहिल्या! प्रसिद्धीनें नांव कानांवर पडतें. जिव्हाळा उत्पन्न होतोच असें नाहीं.

तो जिव्हाळा रुजला उत्तर इंग्लंडच्या औद्योगिक शहरांत. प्रथम मँचेस्टरच्या ‘ट्विस्टेड व्हील’मध्यें आणि पुढें १९७३ ते १९८१ पर्यंत विगनच्या ‘कसीनो’मध्यें, आठवडाभर कष्टलेले तरुण रात्रभर नाचत. १९७० सालीं डेव्ह गॉडिन या लेखकानें या रसिकतेस ‘नॉर्दर्न सोल’ असें नांव दिलें. काळाबरोबर अभिरुचि पालटली, तरी या मंडळींनीं तो जुना द्रुत ठेका सोडला नाहीं. उलट अमेरिकेंत न खपलेल्या तबकड्या ते धुंडाळून आणीत. फ्रँक विल्सन यांच्या १९६५ सालच्या एका गाण्याच्या जवळजवळ सर्व प्रती विक्रीस येण्यापूर्वींच नष्ट झाल्या होत्या. तेंच गाणें विगनच्या रात्रींचें भूषण ठरलें.

वर्णभेदाची झळ न लागलेल्यांनीं दुसऱ्याच्या वेदनेवर ताल धरावा, हें कितपत उचित, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदींच निराधार नाहीं. परंतु भोंग्याच्या तालावर ज्याचें आयुष्य चालतें, त्यास डेट्रॉइटच्या कष्टकऱ्यांमधून उठलेला सूर परका वाटला नाहीं, हेंही तितकेंच खरें. दुःख न लपवितां उमेद देणारा कंठ त्याला हवा होता. बाजारानें टाकलेलें गाणें त्यानें जपलें. त्या गाण्याचें आयुष्य वाढलें तें अशा श्रोत्यांमुळें.