गाडीचे नाव, गाडीचे काम

८ ऑगस्ट १९६३ च्या पहाटे इंग्लंडमधील बकिंगहॅमशायर परगण्यात सिग्नलमध्ये फेरफार करून ग्लासगोहून लंडनला येणारी टपालगाडी लुटली गेली आणि सुमारे २६ लाख पौंड पळवले गेले, ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. त्या गाडीच्या इंजिनाचा क्रमांक होता डी३२६ आणि गाडीची ओळख होती १एम४४. पहिला क्रमांक त्या लोखंडाला कायमचा चिकटलेला, दुसरा त्या फेरीपुरता. उद्या निराळ्या इंजिनाने, निराळ्या डब्यांनिशी तीच फेरी केली तरी ती १एम४४च ठरायची. साहित्याच्या अभ्यासकाला येथे सोस्यूर आठवल्यावाचून राहणार नाही. १९१६ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत जिनीव्हाहून पॅरिसला जाणाऱ्या ८.४५ च्या गाडीचा दाखला आहे. इंजिन, डबे, माणसे सारे बदलले तरी आपण तिला तीच गाडी म्हणतो, कारण तिची ओळख इतर गाड्यांहून असलेल्या तिच्या वेगळेपणात आहे. वर्गात हा दाखला आपण सिद्धान्त सोपा करण्यासाठी वापरतो. ब्रिटिश रेल्वेने मात्र तो शब्दशः अमलात आणला होता, आणि तोही तत्त्वज्ञानाच्या हौसेने नव्हे, अपघात टळावेत आणि गाड्यांचा खोळंबा होऊ नये म्हणून.

या ओळखीचे मूळ अक्षरांत नाही, दिव्यांत आहे. वाफेच्या इंजिनाच्या तोंडावर दिवे कोठे लावले आहेत यावरून सिग्नलमनला गाडीची जात कळत असे, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक कंपन्यांनी या मांडणीचा एक समान संकेत स्वीकारला. दोन्ही बफरांच्या वर एकेक दिवा असला की जलद प्रवासी गाडी, धुराड्यापाशी एकच असला की साधी प्रवासी गाडी. राजघराण्याच्या गाडीला चार दिवे. (लंडनच्या दक्षिणेकडील कंपन्यांनी मात्र दिव्यांवरून आणि पांढऱ्या चकत्यांवरून गाडीची जात न सांगता तिचा मार्ग सांगितला. फाटे इतके होते की कोठे वळवायचे हाच तेथे पहिला प्रश्न असावा, असे आम्हांला वाटते.) दिवे दिसण्याआधी घंटाही वाजे. ‘जलद गाडी घेता का?’ असे पुढच्या केबिनला विचारायचे तर सलग चार ठोके. साध्या प्रवासी गाडीसाठी तीन, मग थांबून एक.

या संकेतातील एक तरतूद आम्हांला सर्वांत बोलकी वाटते. अपघातस्थळी मार्ग मोकळा करायला निघालेल्या मदतगाडीला जलद प्रवासी गाडीचाच मान होता. तेच दोन दिवे, तेच चार ठोके. काम आटोपून तीच गाडी, तीच क्रेन, तीच माणसे परत निघाली की हा मान संपे आणि ती खालच्या वर्गात जाई. म्हणजे वर्ग गाडीच्या प्रतिष्ठेचा नव्हता, तिच्या निकडीचा होता. कोणी कोणासाठी थांबायचे, एवढेच त्यातून ठरत होते.

१९६० च्या सुमारास दिव्यांची जागा चार चिन्हांनी घेतली. पहिला अंक वर्गाचा. १ म्हणजे जलद गाडी (मदतगाडीही येथेच), २ म्हणजे साधी, ५ म्हणजे रिकामे डबे, ० म्हणजे नुसतेच इंजिन. त्यानंतरचे अक्षर गाडी कोठे निघाली आहे ते सांगते आणि शेवटचे दोन अंक तिचा अनुक्रम. लांब पल्ल्याच्या गाडीला अक्षर मिळे ते ज्या विभागात ती जायची त्याचे. ईस्टर्नला ई, लंडन मिडलंडला एम, वेस्टर्नला व्ही. एस स्कॉटिश विभागाकडे होता, सदर्नच्या वाट्याला ओ आला. हे विभाग १९४८ च्या राष्ट्रीयीकरणातून जन्मले, १९९० च्या दशकात खाजगीकरणाच्या लाटेत इतिहासजमा झाले, पण अक्षरे रुळांवर आहेतच. आजही स्कॉटलंडला निघालेली गाडी एस मिरवते. मोगल गेले तरी आपल्या भाषेत सरंजामदार आणि जमीनदार उरले, त्यातलाच हा प्रकार.

प्रवाशाला यातले काही ठाऊक असण्याची गरज नव्हती. आपल्याकडे डेक्कन क्वीनचा क्रमांक तिकिटावर छापलेला असतो. तिकडे तिकिटावर या चार चिन्हांना जागा नाही. ती रेल्वेची आपसातली बोली. तरीही काही वर्षे ती उघड्यावर होती. डिझेल आणि विजेच्या इंजिनांच्या कपाळावरच्या चौकटीत फिरत्या पट्ट्यांवर ती चिन्हे झळकत आणि रुळांकाठी वही घेऊन उभ्या असलेल्या पोरांना ती वाचता येत. पुढे मैलोन्‌मैलांचा मार्ग एकाच नियंत्रण केंद्रातून चालू लागला. तेथला सिग्नलमन गाडी डोळ्यांनी पाहतच नव्हता. तिची चार चिन्हे त्याच्यासमोरच्या नकाशावर एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत सरकत. मग इंजिनावर ती कोणासाठी मिरवायची? १९७६ च्या आरंभापासून ती दाखवणे बंद झाले. अनेक इंजिनांवर पट्ट्या चार शून्यांवर आणून ठेवल्या, आणि नंतर कित्येक चौकटींवर काळी पाटी आणि तिच्यात दोन पांढरे ठिपके एवढेच उरले. संकेत जिवंत राहिला, त्याचा चेहरा तेवढा गेला. इतिहासकाराने नोंद करावी असा क्षण आम्हांला हाच वाटतो, कारण चिन्ह बदलले नाही, वाचणारा बदलला.

अंकांचा अर्थ मात्र सरकतच राहिला. १९६० च्या दशकात ९ हा वर्ग सर्वांत संथ मालगाड्यांचा होता, ज्यांच्या वाघिणींना सलग ब्रेकही नसत. अशा मालगाड्या नामशेष झाल्या आणि अंक मोकळा झाला. आज लंडनहून समुद्राखालून पॅरिसला जाणारी युरोस्टार ९ने सुरू होते, आणि २०२२ साली उघडलेल्या एलिझाबेथ लाइनच्या कितीतरी गाड्याही. साठच्या दशकातल्या एखाद्या सिग्नलमनला नुसता तो अंक दाखवला, तर ताशी तीनशे किलोमीटरने धावणारी ही गाडी तो बिनदिक्कत बाजूच्या रुळावर घेईल आणि मागून येणाऱ्या टपालगाडीला आधी वाट करून देईल.