त्रेपन्न वर्षांचा विलंब

शोधांच्या तारखा इतिहास ठळक अक्षरांत नोंदवितो. शोध आणि सन्मान यांमधील वर्षे मात्र सहसा कोणी मोजीत नाही. एर्न्स्ट रुस्का या जर्मन शास्त्रज्ञाच्या चरित्रात आम्ही ती मोजली, तेव्हा 53 भरली.

रुस्का यांचा जन्म 1906 साली हाईडेलबर्ग येथे झाला. बर्लिनच्या तांत्रिक महाविद्यालयात माक्स क्नोल यांच्या हाताखाली ते काम करू लागले, तेव्हा सूक्ष्मदर्शकाची सीमा ठरून गेली होती. भिंगे कितीही निर्दोष घडविली, तरी मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाहून जवळचे दोन बिंदू निराळे दिसत नसत. कारण प्रकाशाची तरंगलांबीच आड येई. तारेच्या वेटोळ्यातून वीज वाहविली, तर ते इलेक्ट्रॉनांना भिंगाप्रमाणे एकत्र आणते, असे हान्स बुश यांनी 1926 मध्ये गणिताने दाखविले होते. 1931 च्या एप्रिलात रुस्का व क्नोल यांनी अशी दोन वेटोळी एकापुढे एक मांडून प्रतिमा वाढविली. ही वाढ किती? अवघी सतरा पट!

त्याच वर्षी एक निराशा पदरी आली. इलेक्ट्रॉनही तरंगरूप आहेत हे कळताच, येथेही तीच भिंत आडवी येणार असे रुस्का यांना वाटले. परंतु आकडेमोड करता ती तरंगलांबी प्रकाशाच्या मानाने अत्यल्प निघाली, आणि 1933 मध्ये त्यांच्या यंत्राने प्रकाशाची मर्यादा ओलांडली.

मग द्रव्यसाहाय्याची रीघ लागली असेल, अशी वाचकांची कल्पना होईल. झाले उलटेच. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने कापसाचा तंतू करपतो; तेथे जीवसृष्टीचे नाजूक पदार्थ काय टिकणार, असा आक्षेप होता. रुस्का यांना उदरनिर्वाहासाठी दूरचित्रवाणीच्या धंद्यात शिरावे लागले. त्या काळात त्यांचे वैद्यकीय शिक्षण घेतलेले बंधू हेल्मुट आणि सहकारी बोडो फॉन बोरीस यांनी धीर सोडला नाही. अखेर 1937 मध्ये सीमेन्स कंपनीने हे काम हाती घेतले. 1939 मध्ये कारखान्यात बनलेले यंत्र विक्रीस आले, आणि तंबाखूच्या पानांवर रोग पाडणारा विषाणू त्याच वर्षी मनुष्याच्या दृष्टीस पडला.

नोबेल पारितोषिक आले ते 1986 मध्ये. त्याचा अर्धा भाग रुस्का यांस मिळाला. तोवर फॉन बोरीस 1956 मध्ये, क्नोल 1969 मध्ये आणि हेल्मुट 1973 मध्ये निवर्तले होते. मृतांस तो मान देण्याची प्रथा नाही. रुस्काही पुढे दोनच वर्षांत गेले.

दीर्घायुष्य हाही कीर्तीचा एक भागीदार असतो, असेच म्हणावे लागते. आमच्या मते पारितोषिकांची यादी म्हणजे विज्ञानाचा इतिहास नव्हे. करपलेल्या तंतूकडे पाहूनही ज्यांनी धीर सोडला नाही, त्यांची नावे त्या यादीत बहुधा सापडत नाहीत.