परसबागेतील स्ट्रॉबेरी (नागपूर)

स्ट्रॉबेरी (शास्त्रीय नाव: फ्रॅगारिया × अनानासा) ही गुलाब कुळातील बहुवर्षायू वनस्पती आहे. उत्तर अमेरिका व चिली येथील दोन जातींच्या संकरातून ती १८ व्या शतकात फ्रान्समध्ये निर्माण झाली. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नागपूरसारख्या उष्ण शहरात ती परसबागेत किंवा गच्चीवरील कुंड्यांत हिवाळी पीक म्हणून घेता येते.

हवामान

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर, तर नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. लहान दिवस व थंड रात्री लाभल्यास रोपाला फुलकळी धरते. नागपुरात अशी स्थिती प्रामुख्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात असते. मे महिन्यात तापमान ४५° सेल्सिअसपर्यंत चढत असल्याने उघड्यावरील रोपे करपतात.

माती व लागवड

या पिकास पाण्याचा निचरा होणारी, किंचित आम्लधर्मी (सामू ५.५ ते ६.५) माती मानवते. विदर्भातील काळी कसदार माती पाणी धरून ठेवते व बहुधा विम्लधर्मी असते. अशा मातीत लोह शोषले न गेल्याने कोवळी पाने पिवळी पडतात. शिरा मात्र हिरव्या राहतात. त्यामुळे पोयटा माती, कोकोपीट व गांडूळखत यांचे मिश्रण कुंडीत भरणे हितावह ठरते. पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये, स्वीट चार्ली, विंटर डॉन यांसारख्या वाणांची रोपे ३० सेंटीमीटर अंतरावर लावतात. रोपाचा गाभा मातीत गाडला गेल्यास तो कुजतो व उघडा राहिल्यास मुळे सुकतात. म्हणून तो मातीच्या पातळीवरच ठेवावा लागतो.

निगा व काढणी

मुळे उथळ असल्याने थोडे थोडे पाणी वारंवार द्यावे लागते. फळे मातीला टेकून कुजू नयेत, यासाठी गवताचे किंवा तणसाचे आच्छादन करतात. परागीभवन अपुरे झाल्यास फळे वेडीवाकडी होतात. फूल उमलल्यापासून साधारणतः चार आठवड्यांत फळ पिकते. तोडल्यानंतर ते अधिक गोड होत नाही. त्यामुळे पूर्ण लाल झाल्यावरच देठासह तोडतात.

उन्हाळ्यातील संगोपन

हंगामानंतर रोपाला फुटणाऱ्या धावत्या फांद्यांच्या पेरांपासून नवी रोपे मिळतात. मातृरोपे जगवण्यासाठी मार्चपासून कुंड्या हिरव्या जाळीखाली, सकाळचेच ऊन मिळेल अशा जागी हलवाव्या लागतात. लाल कोळीचा उपद्रव याच काळात वाढतो. एवढी काळजी घेऊनही अनेक रोपे दगावतात. म्हणून बहुतेक ठिकाणी दरवर्षी नवी रोपे आणणेच सोयीचे पडते.