किरणोपचारातील इजा आणि तिची भरपाई

जुना जालन्यातील कर्करोगाचे अनेक रुग्ण किरणोपचारासाठी सुमारे ६० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जातात. तोंडाच्या कर्करोगात हे उपचार आठवड्यातून पाच दिवस, सहा ते सात आठवडे चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटते, घास गिळवत नाही. ‘शेक बाधला’ असे वाटून उपचार मध्येच सोडण्याचा विचार मनात येतो. ही इजा का होते आणि कशी भरून येते, हे म्हणूनच जाणून घेतले पाहिजे.

किरणांमुळे पेशीतील पाण्याच्या रेणूंपासून मुक्त मूलके तयार होतात. ही मूलके आणि स्वतः किरणे डीएनएचे धागे तोडतात. दोन्ही धागे जवळजवळ एकाच जागी तुटले, तर दुरुस्ती अवघड ठरते. अशा पेशी बहुधा लगेच मरत नाहीत. विभाजनाच्या वेळी मरतात. त्यामुळे सतत नव्या पेशी घडवणाऱ्या तोंडाच्या अस्तराला आणि त्वचेला झळ लवकर पोहोचते.

एकूण ६० ते ७० ग्रे मात्रा रोज साधारण २ ग्रे अशी विभागून देतात, ती निरोगी ऊतींना सावरता यावे म्हणून. दोन मात्रांमधील काही तासांत निरोगी पेशी बरीचशी मोडतोड दुरुस्त करतात. कर्कपेशींना हे तितकेसे साधत नाही. मात्र उपचारात खंड पडला, तर कर्कपेशींनाही पुन्हा वाढण्याची संधी मिळते आणि रोग आटोक्यात येण्याची शक्यता घटते.

उपचार संपल्यावर वाचलेल्या मूलपेशी विभागून नवे अस्तर घडवतात आणि तोंडातील जखमा बहुधा काही आठवड्यांत भरतात. लाळग्रंथींना मात्र अनेक महिने, कधी एक-दोन वर्षे लागतात. काहींच्या तोंडाची कोरड कायम राहते.

काही परिणाम महिन्यांनी वा वर्षांनी दिसतात. सूक्ष्म रक्तवाहिन्या अरुंद होतात, ऊती ताठर बनतात, तोंड कमी उघडते. जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा घटल्याने नंतर दात काढल्यास जखम न भरण्याचा धोका असतो. म्हणून किडलेल्या दातांवरील इलाज किरणोपचारापूर्वीच उरकतात. पुढे कितीही वर्षांनी दंतवैद्याकडे गेल्यास किरणोपचार झाल्याचे आवर्जून सांगावे.

तंबाखू आणि गुटखा पूर्णपणे बंद करावा. त्यांनी जखमा चिघळतात. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने गुळण्या कराव्यात. मऊ, बिनतिखट अन्न घ्यावे. त्वचेवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मलम लावू नये. वेदना असह्य झाल्यास घरी न थांबता डॉक्टरांना सांगावे. वेदनाशामक औषधे, गरजेनुसार नळीवाटे अन्न देऊन उपचार चालू ठेवता येतात. सोललेले तोंड बहुतेकदा भरून येते. अर्धवट सोडलेल्या उपचाराची भरपाई मात्र अवघड असते.