तटस्थ पोर्तुगाल आणि कराराचे सहावे कलम

एखाद्या तटस्थ राष्ट्राने लष्करी गटात शिरावे की नाही, हा जुना प्रश्न फिनलंड आणि स्वीडन यांनी पुन्हा उभा केला. फिनलंड ४ एप्रिल २०२३ रोजी आणि स्वीडन ७ मार्च २०२४ रोजी उत्तर अटलांटिक करारात, म्हणजे 'नाटो'त, दाखल झाले. त्यावर आपल्याकडे जो वाद झाला त्यात अलिप्ततेचे अभिमानी एका बाजूस आणि सामर्थ्याचे उपासक दुसऱ्या बाजूस होते. मूळ करार उघडून त्यातील कलमे पाहण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. कलमे वाचणे हा आमचा व्यवसायच असल्यामुळे आम्हांस हा प्रश्न एका निराळ्या राष्ट्राच्या उदाहरणावरून तपासावासा वाटतो. ते राष्ट्र म्हणजे पोर्तुगाल. गोमंतकाने ज्याची राजवट साडेचारशे वर्षे पाहिली ते हे राष्ट्र दुसऱ्या महायुद्धात तटस्थ होते, आणि युद्ध संपून चार वर्षे होतात न होतात तोच ते एका लष्करी गटाचे संस्थापक सदस्य झाले.

पोर्तुगालची तटस्थता मुळात निर्भेळ नव्हती. इंग्लंडशी त्याची मैत्री १३७३ च्या तहापासूनची; १३८६ च्या विंडसरच्या तहाने ती दृढ झाली. पुढे १६६१ साली राजकन्या कॅथरीन हिच्या विवाहाचा तह झाला. त्यात मुंबई आंदण दिली गेली हे शाळकरी मुलांसही ठाऊक असते. ती का दिली हे मात्र तहातच लिहिले आहे: या भागातील पोर्तुगीज प्रजेचे डचांपासून रक्षण करणे इंग्लंडच्या राजास सोयीचे व्हावे म्हणून. शिवाय पोर्तुगालच्या सर्व वसाहतींचे रक्षण करण्याचे वचन एका गुप्त कलमाने दिले होते. या वचनाचे काय झाले? १६६३ च्या जानेवारीत डचांनी कोचीन घेतले. आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईस वेढा घातला तेव्हा, रक्षणासाठी म्हणून दिलेल्या त्याच मुंबईत, खाडीच्या पलीकडे इंग्रज बसून होते. त्यांनी थोडा दारूगोळा दिला, थोडे पैसे दिले, तेही तारण घेऊन. मे महिन्यात वसई पडली आणि जुलैत कॅप्टन इंचबर्ड चिमाजी आप्पांशी तह करून मोकळा झाला. पोर्तुगीजांच्या दृष्टीने हा विश्वासघात ठरतो. मुंबईच्या कौन्सिलच्या दृष्टीने तो हिशेब होता. आम्हांस दुसरे मत अधिक पटते, कारण राज्ये करार पाळतात ती बहुधा हिशेब जुळतो तोवरच. १८९० साली तर याच मित्राने अंतिमोत्तर धाडून अंगोला व मोझांबिक यांच्यामधील प्रदेशातून पोर्तुगीज फौजा मागे घ्यावयास लावल्या.

इतका अनुभव गाठीशी असल्यामुळे सप्टेंबर १९३९ मध्ये सालाझार यांनी तटस्थता जाहीर केली ती समजून उमजून केली. ही तटस्थता नफ्याची होती, हेही सांगितले पाहिजे. पोर्तुगालच्या खाणींतील वोल्फ्राम, म्हणजे टंगस्टनचे खनिज, १९४४ च्या जूनपर्यंत दोन्ही पक्षांस विकले जात होते. परंतु दुबळ्याच्या तटस्थतेस दोन्ही बाजूंनी धक्के बसतात, तसे तीसही बसले. डिसेंबर १९४१ मध्ये पोर्तुगीज तिमोरात ऑस्ट्रेलियन व डच सैनिक पोर्तुगालचा निषेध न जुमानता उतरले, आणि दोन महिन्यांनी जपानी आले. १९४३ च्या ऑगस्टमध्ये तर १३७३ च्याच मैत्रीचा आधार घेऊन ब्रिटनने अझोर बेटांवर तळ मिळवला.

मुरगावच्या बंदरात तर एकाच वर्षात तटस्थतेची दोन्ही रूपे दिसली. एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स व ब्राउनफेल्स ही तीन जर्मन जहाजे आणि आन्फोरा हे इटालियन जहाज तेथे आश्रयास होते. एरेनफेल्सवरून पाणबुड्यांस बिनतारी संदेश जातात असा इंग्रजांचा संशय. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याच्या हौशी घोडदळातील काही मंडळी 'फीबी' नावाच्या बार्जमधून येऊन एरेनफेल्सवर चढली. जहाजे शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून खलाशांनी ती स्वतःच पेटवून बुडवली. पोर्तुगालच्या हद्दीत झालेल्या या आगळिकीची हकिगत कित्येक वर्षे झाकलेलीच राहिली. आणि त्याच मुरगावात ऑक्टोबर महिन्यात ग्रिप्सहोम व तेया मारू ही जहाजे समोरासमोर लागून अमेरिका आणि जपान यांनी अडकून पडलेल्या नागरिकांची अदलाबदल केली. बंदर तटस्थ नसते तर ही माणसे घरी पोचती ना.

अशा स्थितीत ४ एप्रिल १९४९ रोजी पोर्तुगालने वॉशिंग्टन येथे उत्तर अटलांटिक करारावर सही केली. लोकशाहीचे रक्षण हा त्या कराराचा घोषित हेतू आणि बारा संस्थापकांत पोर्तुगाल ही एकच हुकूमशाही! अमेरिकेस अझोरचा तळ हवा होता, सालाझार यांस प्रतिष्ठा हवी होती. त्या वेळी संयुक्त राष्ट्रांतही पोर्तुगालला प्रवेश नव्हता. तो १९५५ साली मिळाला.

आता कलमे पाहू. एकावरील हल्ला तो सर्वांवरील हल्ला, हे पाचवे कलम सर्वांच्या तोंडी असते. पण हा हल्ला कोठे झाला पाहिजे हे सहावे कलम सांगते: युरोपात वा उत्तर अमेरिकेत, अथवा उत्तर अटलांटिकमधील कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील बेटांवर. फ्रान्सपुरता अल्जीरियाचा तेवढा अपवाद केला होता. गोवा, दमण आणि दीव ही तिन्ही कर्कवृत्ताच्या दक्षिणेस. आणि ती उत्तरेस असती तरी अरबी समुद्राचा अटलांटिक झाला नसता. (अमेरिकेचे हवाई राज्यही या कलमाच्या कक्षेबाहेरच राहते.) सालाझार कोइंब्रा विद्यापीठाचे कायद्याचे पदवीधर, त्यांस हे कळत नव्हते असे कोण म्हणेल? त्यांनी भिस्त ठेवली ती चौथ्या कलमावर. कोणाचीही प्रादेशिक अखंडता धोक्यात आली तर सर्वांनी मिळून विचारविनिमय करावा, एवढेच ते कलम सांगते.

विचारविनिमय झाला, पत्रेही आली. गोव्याबाबत काही करू नका असे सुचविणारी पत्रे नाटोच्या राष्ट्रांकडून आम्हांस येतात, अशी तक्रार नेहरूंनी १९५५ साली बांडुंग परिषदेत केली. त्याच वर्षी २ डिसेंबरला डलेस आणि पोर्तुगीज परराष्ट्रमंत्री कुन्या यांचे संयुक्त पत्रक निघाले. त्यात पोर्तुगालच्या पूर्वेकडील 'प्रांतां'चा उल्लेख होता आणि त्यावरून आपल्याकडे मोठा गदारोळ उठला. लिस्बनला हे शब्द म्हणजे हमी वाटली असावी. डिसेंबर १९६१ मध्ये तिची परीक्षा झाली. जुन्या मैत्रीचा हवाला देऊन पोर्तुगालने ब्रिटनकडे मदत मागितली, तेव्हा राष्ट्रकुलातील सदस्याविरुद्ध देता येईल अशा मदतीस मर्यादा आहेत, असे उत्तर आले. १८ डिसेंबरला सुरक्षा समितीत युद्धबंदीचा व फौजा मागे घेण्याचा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान या नाटोच्या चार सदस्यांनी मांडला. बाजूने सात, विरुद्ध चार मते पडली आणि रशियाच्या नकाराधिकाराने ठराव बारगळला. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. मित्रांनी हात वर केले ते मतदानापुरतेच. ३१ डिसेंबर १९७४ रोजी, हुकूमशाही कोसळल्यावर, मारिओ सोआरेस आणि यशवंतराव चव्हाण यांनी दिल्लीत तहावर सह्या केल्या आणि गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले.

तरी पोर्तुगालला या गटातून काहीच मिळाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. अझोरच्या तळाची मुदत १९६२ अखेर संपत होती. तिच्या जोरावर सालाझार यांनी केनेडींचा अंगोलाविषयीचा सूर नरम करविला. परंतु ज्या साम्राज्याच्या चिंतेने ते ग्रासले होते, ते कराराच्या नकाशावर नव्हतेच.

येथेच फिनलंडचे प्रकरण वेगळे पडते. १९३९-४० च्या हिवाळ्यात तो देश सोव्हिएत फौजांशी एकटा लढला, सुमारे दहावा हिस्सा भूमी गमावून बसला आणि पुढे कित्येक दशके शेजाऱ्याच्या मर्जीने चालला. त्याचे भय सुमारे १,३४० किलोमीटरच्या रशियाच्या सरहद्दीवर आहे आणि ती सरहद्द सहाव्या कलमात तंतोतंत बसते. फिनलंडच्या सरकारने आम्हांस सल्ला विचारला असता तर आम्ही सही करा असेच सांगितले असते. मात्र पाचव्या कलमातही प्रत्येक सदस्याने आपणास आवश्यक वाटेल ती कृती करावयाची आहे, हे शब्द त्यांस अधोरेखित करून दिले असते. आयर्लंडचे गणित निराळेच होते. त्यालाही १९४९ साली विचारणा झाली होती. आपला उत्तरेकडील प्रदेश ज्याच्या ताब्यात आहे त्या ब्रिटनशीच, ती फाळणी कायम असता, लष्करी करार करणे शक्य नाही, असे उत्तर डब्लिनने दिले आणि आजतागायत ते त्या गटाबाहेरच आहे.