मालवणचे मासे आणि मेंढ्याचं जंगल

मागच्या डिसेंबरात ऑफिसच्या मित्रांसोबत मालवणला गेलो होतो. मी चंद्रपूरचा. पाणी म्हटलं की मला इरई धरण आणि मामा तलाव आठवतात. गावी फोन केला तर काका म्हणाले, "समुद्रात काय पाहून राहिला रे बाबू, तिथं वाघ असते का?"

वाघ नव्हता. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडी थांबली. तोंडाला मास्क लावला, नळी दातांत धरली आणि डोकं पाण्यात घातलं. पहिली दोन मिनिटं फक्त स्वतःचाच श्वास ऐकू येत होता. मग काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे घोळक्याने अंगावर आले. खरं सांगायचं तर ते आमच्या गाइडने चुरलेल्या बिस्किटांवर आले होते (हे करायला नको, पण सगळेच करतात). जरा बाजूला सरकल्यावर खरी मजा. मेंदूसारख्या वळ्यावळ्यांचे प्रवाळ, त्यांच्या फटीत शिरणारा फुलपाखरू मासा, आणि दगड खरवडणारा एक पोपट मासा. त्याच्या दातांची करकर पाण्याखालीसुद्धा ऐकू येते!

वर आल्यावर मी होडीवाल्या काकांना म्हटलं, "अभयारण्य भारी आहे तुमचं." ते हसले नाहीत. म्हणाले, "आमचा खंयचा? सरकारचा."

इथून मी खोदायला लागलो.

या किल्ल्याचं बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ ला सुरू झालं, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्याच्या भोवतीच्या पाण्याची तारीख मात्र कुणाला पाठ नसते. १३ एप्रिल १९८७ ला सुमारे २९ चौरस किलोमीटरचा हा पट्टा सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यातला तीनेक चौरस किलोमीटरचा गाभा किल्ल्याच्याच आसपास आहे. मच्छीमारांचा विरोध सुरुवातीपासूनचा. त्यांचं सोपं गणित असं: रापण ओढायची ती याच किनाऱ्यावर. ती गेली तर खायचं काय?

हे ऐकून मला चंद्रपूरच आठवलं. ताडोबा १९५५ ला राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ ला व्याघ्र प्रकल्प. पुढे बोटेझरीसारखी गावं बाहेर काढली गेली. वाघ वाढले, जिप्सी वाढल्या. गावं मात्र परत आत गेली नाहीत.

पण शेजारच्या गडचिरोलीत दुसरी गोष्ट घडली. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर, २००९ मध्ये, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पासही ग्रामसभेच्या हातात आले. आणि मला गंमत वाटली ती ही, की त्या कायद्यात मासेसुद्धा आहेत! जंगलातल्या पाणवठ्यांतले मासे धरण्याचा सामूहिक हक्क त्यात स्पष्ट लिहिलाय. म्हणजे गडचिरोलीच्या जंगलातल्या बोडीतल्या मरळीवर गाव दावा सांगू शकतं.

मालवणच्या बांगड्यासाठी असा कायदा नाही. १९९१ ला वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, आणि समुद्रात अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची तरतूद आली. मालवणच्या घोषणेनंतर चार वर्षांनी. आणि हित जपणं वेगळं, हक्क देणं वेगळं. पहिल्यात कुणीतरी तुमची काळजी घेतो, दुसऱ्यात तुम्ही सही करता.

आता अडचणीची बाजूही सांगतो. पारंपरिक रापणवाल्यांचं मोठं भांडण अभयारण्यापेक्षा पर्ससीन ट्रॉलरशी आहे. २०१६ ला राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत. त्या तीनेक चौरस किलोमीटरच्या गाभ्यात तरी मासा वाढत असेल, तर त्याचा फायदा रापणीलाही होईलच ना? आणि ज्या प्रवाळाच्या अभयारण्याला विरोध झाला, तोच दाखवून आज कित्येक मच्छीमार घरं चालवतायत. होडीवाले काकाही त्यातलेच. मे महिन्यात ते पर्यटक नेतात, पाऊस सरला की जाळं घेतात.

परतताना त्यांनी मला ताडोबाच्या जिप्सीचा दर विचारला. मी सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "त्यातले गावाक किती गावतत?"

माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. पुढच्या भागात मेंढ्याला जाऊन बांबूचा हिशेब बघणार आहे, तेव्हा काकांनाही फोन लावीन.